कार्बन काढून देणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: माल खरा असेलही, पण काटा कुणाचा?

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकते, पाचपैकी अडीच स्टार. आणि हे अडीच पण मालाचे आहेत, व्यवस्थेचे नाहीत.

प्रॉडक्ट काय तर तुम्ही कार्डाने पैसे भरायचे आणि जगात कुठेतरी कुणीतरी तुमच्या नावाने हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून मातीत नाहीतर दगडात गाडून टाकणार. घरी काही येत नाही, येते ती एक पीडीएफ. आमचा मुलगा म्युनिकला असतो, आमचं तिकडे जाणंयेणं असतं आणि तो दर वेळी मागे लागतो की आई, विमानाचा कार्बन तरी फेड. शेवटी म्हटलं एकदाचं घेऊन टाकू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाहीच मुळी, जिथे जिथे चौकशी केली तिथे थोड्याफार फरकाने हाच प्रकार दिसला.

पहिली गंमत कॅल्क्युलेटरची. मुंबई-म्युनिक जाऊन येऊन एका माणसाचा किती कार्बन, हे एका वेबसाईटवर टाकलं तर एक आकडा, दुसऱ्या वेबसाईटवर जवळजवळ दुप्पट. मला वाटलं काहीतरी घोळ आहे, पण घोळ नाहीये. काही जण फक्त इंधन जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात, काही जण विमानामागे आभाळात पांढऱ्या रेघा उमटतात ना त्यांनी होणारी उष्णता पण धरतात. दोन्ही बाजूंना शास्त्रज्ञ आहेत. पण गिऱ्हाईक म्हणून माझा प्रश्न साधा होता की मी टनभर घेऊ का दोन टन, आणि हे ठरवून देणारा नियम कुठेच नाही. तुम्हाला वाटेल ते घ्या. मी मधला आकडा घेतला, हे म्हणजे औषधाचा डोस स्वतःच ठरवून घेतल्यासारखं झालं पण दुसरं करणार काय.

वेबसाईट एकदम चकाचक. बायोचार (म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा), दगडाची भुकटी, हवेतून मशीनने ओढलेला कार्बन असं सगळं मिळून एक मिक्स पॅक. किमतीत जमीनअस्मानाचा फरक, बायोचार टनाला साधारण शंभर ते दोनशे डॉलर आणि मशीनवाला माल कित्येक शे डॉलर. झाडं लावायचा पर्याय पण होता, तो सगळ्यात स्वस्त, पण झाड वणव्यात गेलं की तुमचा टन पण गेला, म्हणून तो मी सोडला. पैसे कटले, धन्यवादाचा मेल आला, पीडीएफवर माझं नाव अगदी नक्षीदार अक्षरात. आणि खाली बारीक टायपात लिहिलेलं की डिलिव्हरी पुढच्या काही वर्षांत होईल. म्हणजे मी विमानात बसून आले, धूर निघून गेला, आणि तो परत काढायचं काम अजून व्हायचंय! नंतर एक मेल आला की तुमच्या पॅकमधला दगडाचा भाग काही कारणाने बायोचारमध्ये बदललाय, एकूण वजन तेच राहील. विचारलं नाही, नुसतं कळवलं. अटी उघडून बघितल्या तर बदलायचा हक्क त्यांनी आधीच स्वतःकडे ठेवलेला, आणि मी पण सगळ्यांसारखी टिक मारून पुढे गेलेली.

आता माझी यात एवढी चिडचिड का झाली ते सांगते. मी कराडकडची, माहेर उसाचं. आमच्याकडे लहान पोराला पण काटामारी म्हणजे काय ते कळतं. ऊस आपला, ट्रॅक्टर आपला, पण काटा कारखान्याचा, आणि तो दाखवेल ते वजन. बाहेरच्या काट्यावर वजन करून नेलं तर तिकडे गाडी घ्यायला खळखळ. त्याच्याही वर उताऱ्याचं प्रकरण, म्हणजे उसात साखर किती टक्के निघाली त्यावर एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला उसाचा किमान भाव, ठरते आणि तो उतारा मोजणार कोण तर कारखान्याचीच लॅब. त्यावर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापनवाल्यांची भरारी पथकं आली, डिजिटल काटे आले, तरी दादा अजून पावतीकडे संशयानेच बघतो. पण निदान पावती असते, ऊस डोळ्यांना दिसतो, भांडायला चेअरमन असतो. इथे माल म्हणजे हवेत *नसलेला* वायू. नसलेली वस्तू विकायची, तीही विकणाऱ्याच्या काट्यावर. दादाला फोनवर समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, हे तर आमच्या चेअरमनला पण सुचलं नसतं."

असो. माल खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण थोडं वाचन केलं आणि विज्ञान खरंच भारी आहे.

मशीनवाल्याचं बघा. आइसलँडमध्ये हेलिशेईडी नावाचं भूऔष्णिक वीज केंद्र आहे, जमिनीखालच्या गरम पाण्यावर चालणारं. त्याच्या शेजारी स्विस कंपनी क्लाइमवर्क्सने सप्टेंबर २०२१ मध्ये ओर्का आणि मे २०२४ मध्ये मॅमथ असे प्लांट सुरू केले. भलेमोठे पंखे हवा आत ओढतात, फिल्टरला कार्बन डायऑक्साइड चिकटतो, मग फिल्टर साधारण १०० अंशाला तापवला की तो सुटून बाहेर पडतो. तो कार्बफिक्स नावाची कंपनी पाण्यात विरघळवून, सोड्यासारखाच, खाली बेसाल्ट खडकात सोडते आणि खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा चक्क दगड होतो. आधी वाटायचं याला शेकडो वर्षं लागतील, २०१६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ९५ टक्के माल दोन वर्षांच्या आत दगड झालेला दिसला. बेसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण हो, दख्खनचं अख्खं पठार त्याचंच, त्यामुळे वाचताना उगाच जरा अभिमान पण वाटला.

पण मग आकडे. ओर्काची क्षमता सांगितली वर्षाला ४,००० टन, मॅमथची ३६,००० टन. आणि मे २०२५ मध्ये तिकडच्या पत्रकारांनी हिशेब मांडला तर प्रत्यक्षात काढलेला कार्बन या आकड्यांच्या आसपास पण नव्हता, फार खाली. त्याच महिन्यात कंपनीने नोकरकपात पण जाहीर केली. मी याला फसवणूक म्हणत नाही, नवी मशीन आहे, वारा-बर्फ-गंज सगळं आहे, कारखाना पहिल्या हंगामात पूर्ण क्षमतेने चालत नाही हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण हा फरक लोकांसमोर आणायला पत्रकार लागले, काटा तपासणारा सरकारी माणूस नाही, हे मला खटकतं.

दगडाच्या भुकटीचं तर आपल्याकडचंच आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, ते बेसाल्टच्या भुकटीवर पडलं की बायकार्बोनेट होऊन नदीतून समुद्रात जातं आणि तिथे हजारो वर्षं राहतं. निसर्ग हे करतोच, फक्त फार सावकाश. दगड पिठासारखा दळून शेतात पसरला की काम लवकर होतं. माती कार्बन नावाची कंपनी भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात हेच करते, आणि तिला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. शेतकऱ्याला भुकटीतून थोडं खनिज खत मिळतं, ते वेगळं. आता खडी क्रशरच्या शेजारी ज्यांची शेती आहे ते हसतील की आमच्या शेतावर फुकट पडते ही कच, आम्हाला कुणी डॉलर दिले नाहीत! चेष्टा सोडा, पण किती भुकटी विरघळली हे कळणार कसं? मातीचे नमुने घ्यायचे, लॅबला पाठवायचे, आणि दोन हातांवरचा दुसरा नमुना वेगळंच सांगतो. आंबट लाल मातीत, भरपूर पावसात, उन्हात ही भुकटी चांगली विरघळते. आपली काळी माती मुळातच बेसाल्टची, चुनखडीयुक्त, तिथे सावकाश. त्यामुळे "एक टन" असं सर्टिफिकेटवर छापणं सोपं आहे, त्या टनामागचा प्लस-मायनस किती ते कुणी छापत नाही. माझ्या पीडीएफवर तर नव्हतंच.

बायोचार मला त्यातल्या त्यात विश्वासाचा वाटला कारण तो हातात धरता येतो. पऱ्हाट्या, तुराट्या, वेडी बाभूळ असलं काहीबाही कमी हवेत जाळून कोळसा करायचा आणि शेतात मिसळायचा, तो लवकर कुजत नाही म्हणून कार्बन अडकून राहतो. वराह म्हणून आपल्याकडची कंपनी आहे, गुगलने जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडून २०३० पर्यंत १ लाख टन घ्यायचा करार केला. छोट्या भट्ट्यांवर मोजमाप बऱ्याच ठिकाणी मोबाईल ॲपवर चालतं, भट्टीचा फोटो, जीपीएस, ढिगाचं वजन. आणि इथे परत काट्याची माणसं जागी होतात, कारण कोळसा विझवायला पाणी मारतात आणि ओला कोळसा जड भरतो! कापूस विकणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून कोरडं वजन धरायचं, ओलावा किती ते मोजायचं, लॅबमध्ये कोळशातल्या हायड्रोजन-कार्बनचं प्रमाण बघायचं म्हणजे तो किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. चांगले लोक हे सगळं करतात. मी माझ्या कंपनीला मेल केला की माझ्या टनाचं कोरडं वजन आणि लॅब रिपोर्ट पाठवा. उत्तर आलं, अगदी गोड भाषेत, की आम्ही जागतिक दर्जाच्या रजिस्ट्रीचे निकष पाळतो. रिपोर्ट नाही आला.

कस्टमर केअरला एक स्टार, तोही मेल लगेच आला म्हणून.

मग मी विचारलं की समजा माल दिला नाही तर तक्रार कुठे करायची. तर म्हणे रजिस्ट्रीकडे. रजिस्ट्री कोण, तर विकलेल्या टनांची नोंद ठेवणारी एक खाजगी संस्था. तपासणारा ऑडिटर कोण, तर तोही खाजगी, आणि बहुतेक ठिकाणी त्याची फी प्रोजेक्टवालाच भरतो. म्हणजे काटा तपासायला आलेल्या साहेबाचं जेवणखाण कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर. सगळेच साहेब वाईट नसतात हो, पण पद्धतच तशी ठेवली तर चांगल्यावर पण संशय येणारच ना. आणि कंपनी बुडाली तर? अमेरिकेतल्या मेन राज्यातली रनिंग टाइड ही कंपनी आइसलँडजवळच्या समुद्रात चुन्याचा लेप दिलेले लाकडाचे तुकडे बुडवायची आणि क्रेडिट, म्हणजे काढलेल्या टनांची सर्टिफिकेटं, विकायची, मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाईक होत्या, २०२४ मध्ये तिने शटर खाली ओढलं. तळाशी गेलेल्या त्या लाकडाचं पुढे काय होतंय हे आता कोण जाऊन बघणार.

सरकारं काहीच करत नाहीत असं नाही. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये कार्बन रिमूव्हलच्या सर्टिफिकेशनचा कायदा केला, पण तो ऐच्छिक आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली, तिचा मुख्य रोख सिमेंट, ॲल्युमिनियम असल्या कारखान्यांवर, माझ्यासारखी बाई परदेशी वेबसाईटवर टन विकत घेते त्याच्याशी तिचा संबंध नाही. समुद्राचे नियम वेगळेच, आणि तिथे आपल्या गोव्याचा हात आहे हे मला आत्ता कळलं. २००९ मध्ये दोना पावलाच्या एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, शास्त्रज्ञ आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट मिळून पोलारस्टर्न जहाजावरून दक्षिण महासागरात गेले, ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचं खत टाकलं की शेवाळ वाढेल, मरून तळाशी जाईल, सोबत कार्बन घेऊन. लोहाफेक्स नाव त्याचं. जहाज निघालं आणि पर्यावरणवाल्यांनी एवढी बोंब मारली की जर्मन सरकारने मधेच थांबा म्हणून सांगितलं, परत पर्यावरणाचा अभ्यास तपासला, मग परवानगी दिली. शेवाळ वाढलं पण त्या पाण्यात सिलिका कमी, त्यामुळे डायटम नावाची जड कवचाची शेवाळं वाढलीच नाहीत, जे वाढलं ते बारीक समुद्री किड्यांनी खाल्लं, तळाशी फार काही गेलं नाही. मला ही गोष्ट जाम आवडली. कारण त्यांनी काही विकलं नव्हतं, नाही जमलं ते उघड छापलं, आणि मधे थांबवून प्रश्न विचारणारं कुणीतरी होतं. नंतर २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे समुद्रात काय टाकायचं नाही त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, असल्या प्रकारांसाठी बंधनकारक दुरुस्ती केली, ती पुरेशा देशांनी स्वीकारली नाही म्हणून अजून लागूच नाही. आपल्या सोसायटीच्या पार्किंगचा ठराव बरा.

आता याच दुकानाच्या शेजारचं दुकान, त्याबद्दल पण लिहिते कारण मला तिथल्या जाहिराती दिसायला लागल्या. कूलिंग क्रेडिट. मेक सनसेट्स नावाची अमेरिकन स्टार्टअप आहे, फुग्यात सल्फर डायऑक्साइड भरून वर सोडते. एक ग्रॅम वायू म्हणजे एका टन कार्बनची एका वर्षाची उष्णता भरून निघते असा तिचा दावा, आणि सुरुवातीला भाव होता १० डॉलर. स्वस्त आहे ना? पण यात काढलं काहीच जात नाही, फक्त ऊन थोडं परत पाठवलं जातं, वर्ष-दोन वर्षांत वायू खाली येतो, कार्बन आहे तिथेच. बंद केलं की राहिलेली उष्णता एकदम अंगावर. २०२२ मध्ये त्यांनी मेक्सिकोत फुगे सोडले, ना परवानगी ना काही, आणि जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असले प्रयोग बंद करणार म्हणून जाहीर केलं. याला शून्य स्टार, न घेताच.

कारण हे वरचं आभाळ कुणा एकाचं नाहीये. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा साधारण दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, जग जवळजवळ अर्धा अंश थंड झालं, आणि पुढच्या वर्षी जगभरात जमिनीवरचा पाऊस पण कमी झाला. आपलं सगळं मान्सूनवर. उद्या कुणी श्रीमंत देशाने नाहीतर कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर केलं आणि मराठवाड्यात पाऊस लांबला तर तो त्यांच्यामुळे का आपल्या नशिबाने, हे सिद्ध कोण करणार, पंचनामा करायला कोणता तलाठी जाणार? २०१० मध्ये नागोयाला जैवविविधता कराराच्या देशांनी ठरवलं की छोटे वैज्ञानिक प्रयोग सोडून असलं काही करू नये, पण ते बंधनकारक नाही आणि अमेरिका त्या करारातच नाही. २०२४ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने नुसती तज्ज्ञांची समिती नेमू असा प्रस्ताव आणला, तोही एकमत झालं नाही म्हणून मागे घ्यावा लागला. तिकडे हार्वर्डच्या लोकांना स्वीडनमध्ये किरुनाला २०२१ मध्ये अशाच ऊन परतवायच्या प्रयोगासाठी फुग्याची नुसती चाचणी घ्यायची होती, वायू-बियू काही न सोडता, तिथल्या सामी या मूळ रहिवासी लोकांनी विरोध केला, ती थांबली आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. म्हणजे जे विचारून करतात ते अडकतात आणि जे न विचारता फुगा सोडतात ते क्रेडिट विकतात. हे उलटं आहे.

मोजून करता येतं हे आपल्याच सोलापुरात दिसलंय की. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तिथे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, काही ढगांमध्ये फवारणी, काही ढग तसेच सोडलेले, रडार, पर्जन्यमापक, २७६ ढगांचा हिशेब, आणि मग सांगितलं की योग्य परिस्थितीत साधारण १८ टक्के वाढ दिसली. *योग्य परिस्थितीत* हे त्यांनीच सांगितलं. नाहीतर दिल्लीत ऑक्टोबर २०२५ मध्ये ढगात पुरेसा ओलावाच नसताना विमान उडवलं आणि पाऊस काही पडला नाही.

तर घ्यावं का? मला ग्रुपवर दोघींनी विचारलंय म्हणून लिहिते. अख्खं जग वर्षाला साधारण २०० कोटी टन कार्बन काढतं, त्यातला जवळजवळ सगळा जंगलांमधून, आणि या नव्या सगळ्या तऱ्हा मिळून जेमतेम १३ लाख टन. जाळतो किती तर वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांच्या वर. त्यामुळे आपण टनभर घेतल्याने आभाळ काही निवत नाही, पण ही मशीन सुधारायला कुणीतरी सुरुवातीचे पैसे घातले पाहिजेत हेही खरं, सोलर पॅनल पण असेच स्वस्त झाले. घ्यायचंच असेल तर काम झालेला माल घ्या, पुढच्या वर्षांचा वायदा नको. बॅच नंबर मागा आणि तो रजिस्ट्रीवर स्वतः उघडून बघा, तुमच्या नावाने रद्द केलेला दिसला पाहिजे, म्हणजे तोच टन दुसऱ्याला परत विकता येणार नाही. पद्धत बदलली तर पैसे परत मिळणार का हे पैसे भरायच्या आधी मेलवर लिहून घ्या. आणि "वर्षाला इतके टन क्षमता" असं लिहिलं असेल तर मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती काढले तेवढंच विचारा.

माझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. ऑटो-पे काढून टाकलंय. लॅब रिपोर्ट आला तर अर्धा स्टार वाढवेन.